मतपत्रिकेवरचा खालचा रकाना

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. निकालाच्या दिवशी आपल्याकडचे दूरचित्रवाणी संच सकाळच्या चहाआधीच सुरू होतात आणि ज्यांनी आयुष्यात कधी पेनसिल्व्हेनिया नकाशावर शोधलेले नाही, अशी मंडळी तिथल्या मतमोजणीवर पैजा लावतात. पण ज्या कागदावर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे छापलेली असतात, त्याच कागदावर बरेच खाली आणखी एक रकाना असतो. त्याविषयी आपण कधी काही ऐकत नाही. आणि खरे सांगायचे तर तिथला मतदारही फारसे ऐकत नाही. तो रकाना असतो गावातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विश्वस्त मंडळाचा.

कॉलेज कोणी चालवायचे, हे गावाने मत देऊन ठरवायचे, ही कल्पना आपल्याला जराशी गमतीची वाटेल. आपल्याकडे कॉलेज सरकारचे असते किंवा संस्थेचे असते, आणि संस्था कोणाची असते हे ज्याचे त्याने समजून घ्यायचे असते. गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात पुतणीकडे माझे तीन-चारदा जाणे झाले. दरवेळी दोन-तीन महिन्यांचा मुक्काम. निवृत्त माणसाला तिथे वेळ भरपूर असतो आणि गाडी चालवता येत नसेल, तर जे पायी गाठता येईल तेवढेच बघून समाधान मानावे लागते. तिच्या घरापासून पायी गाठण्याजोगी ठिकाणे दोनच होती. एक भारतीय वाणसामानाचे दुकान आणि दुसरे असेच एक कॉलेज. दुकानात रोज जाऊन काय करणार? कॉलेजात जाऊ लागलो.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे कॉलेज. प्रवेशपरीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, देणगी नाही. शालेय शिक्षण पुरे केलेला किंवा वयाची अठरा वर्षे ओलांडलेला कोणीही आत येऊ शकतो. त्यामुळे एकाच बाकावर एकोणीस वर्षांचा मुलगा, रात्रपाळी करून आलेला ट्रकचालक आणि साठीला टेकलेली चिनी आजी असे सगळे दिसतात. कोणी नर्सिंग शिकतो, कोणी वेल्डिंग, कोणी आगीच्या बंबावर नोकरी मिळावी म्हणून धडपडतो. तर कोणी इथे स्वस्तात दोन वर्षे काढून तिसऱ्या वर्षाला थेट बर्कलेसारख्या विद्यापीठात दाखल होतो. ‘ॲपल’च्या संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह वॉझ्नियॅक काही काळ कुपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात होते. नट टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजात शिकले. कॅलिफोर्नियात १९८४ पर्यंत या कॉलेजांत शिक्षणशुल्कच नव्हते. २०१२ पासून तिथल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांच्या एका विषयाचे १३८ डॉलर. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाच्या भावात हे जवळजवळ फुकटच म्हणायचे.

आपल्या मराठी घरांचेही या कॉलेजांशी एक नाते आहे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. नवऱ्याच्या मागोमाग एच-४ व्हिसावर गेलेल्या मुलींना नोकरी करायला बंदी होती. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि त्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली. त्याआधी घरात बसायचे किंवा शिकायचे, एवढेच दोन मार्ग. इथून एम.कॉम., बी.एस्सी. होऊन गेलेल्या कितीतरी जणींनी पोर पाळणाघरात ठेवून या कॉलेजांत हिशेबनीसाचे, प्रोग्रामिंगचे, बालशिक्षणाचे अभ्यासक्रम पुरे केले. माझी पुतणी त्यांच्यापैकीच एक. आज ती तिथली नागरिक आहे, मतदार आहे.

तर हे मंडळ. कॅलिफोर्नियात अशा कॉलेजांचे ७२ स्थानिक जिल्हे आहेत. जिल्हा म्हणजे आपल्या सातारा-सांगलीसारखा नव्हे. कॉलेजच्या कारभारापुरता आखलेला टापू. त्यांत मिळून ११५ कॉलेजे येतात. प्रत्येक जिल्ह्याला बहुधा पाच किंवा सात जणांचे निवडलेले मंडळ असते आणि सदस्याची मुदत चार वर्षांची असते. १९०७ साली तिथल्या कायद्याने हायस्कूलांना पुढचे वर्ग काढायची मुभा दिली, १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे पहिले वर्ग निघाले, आणि शाळा मंडळ जसे लोक निवडत तसेच पुढे कॉलेजचे मंडळही निवडू लागले. टेक्सास, इलिनॉय, मिशिगन येथेही मंडळे निवडली जातात. काही राज्यांत मात्र गव्हर्नर किंवा स्थानिक सरकार ती नेमते.

मंडळाच्या हाती काय असते? कॉलेजचा प्रमुख नेमणे आणि काढणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, शिक्षक-कर्मचाऱ्यांशी पगाराचा करार करणे, इमारतींसाठी कर्जरोखे काढायचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवणे. या कॉलेजांच्या उत्पन्नात त्या टापूतल्या घरपट्टीचा वाटा असतो आणि कर्जरोखे फेडायचे तेही घरपट्टीवर जादा आकार बसवूनच. म्हणजे मताचा हक्क आला तो शिक्षणाच्या प्रेमातून नव्हे, पट्टीच्या पावतीतून. विद्यार्थ्यांचाही एक प्रतिनिधी मंडळावर असतो, पण त्याचे मत सल्ल्यापुरते. मोजणीत धरत नाहीत.

इथवर सगळे छान आहे. आता मतदान कसे होते ते पाहू. मतपत्रिका टपालाने घरी येते. पुतणीने ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी अशी भराभर खाली उतरली. कॉलेजच्या रकान्याशी येऊन थांबली. “काका, यातलं एकही नाव मला माहीत नाही,” ती म्हणाली. मी म्हटले, “अगं, तू या कॉलेजात दीड वर्ष काढलंस ना?” “हो, पण तेव्हा कुठे माहीत होतं असं काही मंडळ असतं म्हणून!” तिने तो रकाना कोरा सोडला आणि पाकीट चिकटवले. मी पाहुणा, पाहुण्याने किती बोलावे?

तिला दोष तरी काय द्यायचा? मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली त्याचा व्यवसाय लिहितात, आणि कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन शब्दांची मुभा असते. निवडणूक पक्षचिन्हाविना होते. मतदार-पुस्तिकेत उमेदवाराला एक छोटेसे निवेदन देता येते, पण अनेक ठिकाणी त्याची छपाई त्यानेच सोसायची असते, म्हणून कित्येक जण ते देतच नाहीत. वर्तमानपत्रे या निवडणुकीला जागा देत नाहीत. मुळात स्थानिक वर्तमानपत्रेच तिथे भराभर बंद पडत आहेत. मग मतदार काय करतो? ओळखीच्या वळणाचे आडनाव शोधतो, ‘शिक्षक’ किंवा ‘विद्यमान सदस्य’ असे शब्द शोधतो, नाहीतर पुढे सरकतो. आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले नाहीत, तर मतदान घेतच नाहीत. आलेल्या उमेदवारालाच नेमून टाकतात. ‘बिनविरोध’ हा शब्द आपणच शोधून काढला, असा माझा समज होता.

पण कोरा सोडलेला रकाना कोरा राहत नाही. तो भरणारे कोणीतरी असतेच. कधी राजकारणात पहिले पाऊल टाकणारा असतो. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या कॉलेजांचा कारभार शाळा मंडळापासून वेगळा झाला आणि नव्या मंडळाच्या सात जागांसाठी शंभराहून अधिक उमेदवार उभे राहिले. त्या भाऊगर्दीत पहिला आला जेरी ब्राऊन नावाचा तरुण वकील. त्याचे वडील राज्याचे माजी गव्हर्नर होते, तेव्हा आडनाव ओळखीचे असण्याचा किती फायदा होतो हे सांगायला नको. पुढच्याच वर्षी तो राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आला आणि १९७५ मध्ये स्वतः गव्हर्नर झाला.

कधी रकाना भरतात ते कॉलेजचेच शिक्षक आणि कर्मचारी. त्यांच्या संघटना उमेदवारांना पाठिंबा देतात, पत्रके वाटतात, दारोदार हिंडतात. यात बेकायदा काही नाही आणि गैरही नाही. कॉलेजविषयी त्यांच्याइतकी आस्था दुसऱ्या कोणाला असणार? पण ज्यांनी पगार ठरवायचा त्यांना पगार घेणाऱ्यांनी निवडून आणायचे, ही व्यवस्था घरपट्टी भरणाऱ्याने डोळे उघडे ठेवूनच मान्य केली पाहिजे. तो तर पाकीट चिकटवून मोकळा झालेला असतो.

आणि मंडळाच्या हातात पैसा किती जातो, याची कल्पना लॉस एंजेलिसवरून येईल. २००१, २००३ आणि २००८ मध्ये तिथल्या मतदारांनी कॉलेजांच्या इमारतींसाठी मिळून सुमारे ५७० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. २०११ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने या कामांची पाहणी करून लेखमाला छापली: सदोष बांधकाम, पाडून पुन्हा बांधलेले भाग, वायफळ खर्च. कर्जरोख्यांच्या खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती नेमावी लागते, असा २००० सालापासूनचा नियम आहे. समिती होती. तरीही वर्तमानपत्राने खणेपर्यंत गावाला पत्ता नव्हता.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, मग ही निवडणुकीची भानगड हवीच कशाला? एखादा जाणकार, निःपक्षपाती माणूस नेमावा आणि मोकळे व्हावे. हे करून पाहिले गेले आहे. सॅन फ्रान्सिस्कोत.

त्या शहराचे सिटी कॉलेज १९३५ चे. २०१२ मध्ये तिथे नव्वद हजारांच्या घरात विद्यार्थी होते. त्या वर्षीच्या जुलैत कॉलेजांना मान्यता देणाऱ्या आयोगाने नोटीस काढली: तुमची मान्यता का काढू नये, याची कारणे दाखवा. शिकवणे वाईट आहे असा मुख्य आरोप नव्हता. आरोप होता कारभाराचा. गंगाजळी नगण्य, उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पगार आणि भत्त्यांत जातो, निर्णय कोण घेते ते कळत नाही, मंडळाचे सदस्य आपली कामे सोडून भलत्यात लक्ष घालतात. यातले बरेचसे खरे होते. सात जणांचे ते मंडळ साऱ्या शहरातून निवडले जाते आणि शहर त्या निवडणुकीकडे किती लक्ष देते, ते वर सांगितलेच आहे.

जुलै २०१३ मध्ये आयोगाने जाहीर केले की वर्षभरानंतर मान्यता संपेल. लगेच राज्याच्या नियामक मंडळाने निवडलेल्या मंडळाचे अधिकार काढून रॉबर्ट अग्रेला या एका विशेष विश्वस्ताच्या हाती दिले. नियामक मंडळाचे सदस्य गव्हर्नर नेमतात, आणि त्या वेळी गव्हर्नर होते, दुसऱ्या खेपेला आलेले, तेच जेरी ब्राऊन! सदस्य पदावर राहिले, पण त्यांच्या हाती काही उरले नाही. मुंबई-पुण्याच्या महापालिकांवर मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. त्या दिवसांत आपल्या प्रभागातला दिवा बंद पडला तर कोणाला सांगावे हे ज्यांना कळेनासे झाले होते, त्यांना सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यार्थ्यांची अवस्था समजावून सांगायला नको. अग्रेला यांनी घडी बसवायचा प्रयत्न केला नाही असे नाही. पण वर्ग बंद केला, तुकडी रद्द केली, तर त्यांना पुढच्या निवडणुकीत पाडता येईल, अशी सोय नव्हती.

आणि इथे ते शहर जागे झाले, हा या कहाणीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. नोव्हेंबर २०१२ मध्ये, मान्यतेची नोटीस डोक्यावर लटकत असताना, कॉलेजसाठी दरवर्षी प्रत्येक मिळकतीवर ७९ डॉलर जादा कर बसवावा का, असा प्रश्न मतदारांपुढे होता. मंजुरीला दोन-तृतीयांश मते लागतात. सुमारे ७३ टक्के मते बाजूने पडली. बुडत्या म्हणवल्या जाणाऱ्या कॉलेजला लोकांनी आपणहून पट्टी वाढवून दिली! ऑगस्ट २०१३ मध्ये शहराचे सरकारी वकील डेनिस हेरेरा यांनी आयोगावरच खटला भरला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी मान्यता काढून घ्यायला मनाई केली आणि पुढच्या वर्षी निकाल दिला की आयोगाने काही बाबतींत कायदा मोडला होता. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, मंडळाची निवडणूक आली. मंडळाला अधिकार नव्हते. तरीही उमेदवार उभे राहिले, लोकांनी मते दिली, माणसे निवडून आली. अधिकार नसलेल्या खुर्चीसाठी कोणी भर उन्हात पत्रके वाटत हिंडतो, हे आपल्याकडे सांगितले तर लोक त्याला वेड्यात काढतील. २०१५ मध्ये मंडळाकडे अधिकार परतले, जानेवारी २०१७ मध्ये कॉलेजला पुन्हा सात वर्षांची पूर्ण मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी शहराने रहिवाशांसाठी तिथले शिक्षण मोफत केले. त्याआधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पन्नास लाख डॉलरहून महागड्या मालमत्तांच्या विक्रीवरचा कर मतदारांनी वाढवून दिला होता.

शेवट गोड झाला असे मात्र समजू नये. मान्यता जाणार या भीतीने विद्यार्थी पांगले. काही वर्षांत सुमारे एक-तृतीयांश संख्या घटली. अनुदान विद्यार्थिसंख्येवर ठरते, तेव्हा पैशाची ओढाताण संपली नाही. मे २०२२ मध्ये मंडळाने पूर्णवेळ प्राध्यापकांपैकी अडतीसच्या आसपास जणांना कमी केले. सहा महिन्यांनी निवडणूक होती. उभे राहिलेल्या विद्यमान सदस्यांपैकी तिघे पडले आणि शिक्षक संघटनेचा पाठिंबा असलेले तिघे निवडून आले. पडलेले तिघेही २०१४ मध्ये त्या अधिकारहीन मंडळावर निवडून आलेले. लोकांनी योग्य केले की अयोग्य? मला स्वतःला वाटते की पैसा नसताना कपात करणाऱ्याला घरी बसवणे सोपे असते आणि पैसा आणणे अवघड. पण त्यांना घरी बसवता आले, ही गोष्ट मी कपातीच्या हिशेबापेक्षा मोठी मानतो. प्रशासकाच्या काळात तेवढीही सोय नव्हती.

याच शहरातला आणखी एक बारकावा मराठी वाचकांच्या कामाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या मतकौलानंतर शाळा मंडळाच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांनाही मताचा हक्क मिळाला. मूल शाळेच्या वयाचे हवे आणि पालक शहरात राहणारा हवा. २०१८ पासून तसे मतदान होते आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयानेही ते वैध ठरवले. म्हणजे व्हिसावर राहणारी आपली एखादी जोशी किंवा जाधव बाई मुलाच्या शाळेच्या मंडळासाठी मत देऊ शकते. पण ज्या कॉलेजात ती स्वतः शिकते आहे, त्याच्या मंडळासाठी नाही.

मी ज्या कॉलेजात जात होतो तिथल्या मंडळाची एक सभा पाहिली. कॅलिफोर्नियात १९५३ पासून कायदा आहे की अशा सभा उघड्यावर झाल्या पाहिजेत, नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावली पाहिजे आणि लोकांना बोलू दिले पाहिजे. श्रोते मोजून अकरा होते, मला धरून. छपराची गळती झाली, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे मानधन झाले. मग एक बाई उठली. संध्याकाळचे पाळणाघर तासभर लवकर बंद होते, त्यामुळे मला शेवटचा वर्ग सोडावा लागतो, एवढेच ती म्हणाली. समोरच्या घड्याळात तिची मिनिटे उलटी मोजली जात होती. सदस्यांपैकी दोघांनी काहीतरी टिपून घेतले. पाळणाघराचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही; माझे विमान होते.

आपल्याकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव आले आहे. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने पहिले काढले, आणि २०१३ च्या सुमारास केंद्र सरकारने देशभर अशी कॉलेजे सुरू करायची योजना आणली. नाव आले, कौशल्याचे अभ्यासक्रम आले. निवडलेले मंडळ मात्र आले नाही. येणार तरी कसे? पैसा दिल्लीहून येणार, तर हिशेबही दिल्लीलाच द्यायचा. पण मग खासगी संस्थांचे काय? १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती लोकांकडून मूठ मूठ धान्य गोळा करून उभी राहिली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षण संस्थांच्या पायात गावाची वर्गणी, गावाची जमीन आणि गावाचे श्रमदान आहे. त्यांच्या कार्यकारिणीच्या निवडणुकाही होतात, पण मतदार असतात ते संस्थेचे सभासद. आणि सभासद कोणाला करून घ्यायचे ते कार्यकारिणी ठरवते. वाद झाला की तो धर्मादाय आयुक्तांकडे जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम करतो. ज्याची मूठ धान्यात होती त्याचा नातू आज शुल्क भरतो, मत मात्र देत नाही.

नाही म्हणायला दोन ठिकाणी आपल्यालाही थोडे मत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. आपल्या मुलाच्या शाळेतल्या समितीची सभा शेवटची कधी झाली, हे किती पालकांना सांगता येईल? दुसरे ठिकाण विद्यापीठाची सिनेट, म्हणजे अधिसभा. तिथे नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा असतात. मुंबई विद्यापीठ दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या देते. २०१८ च्या निवडणुकीला साठ हजारांवर पदवीधरांची नावे यादीत होती. पुढची निवडणूक लांबत लांबत, ऐनवेळी स्थगित होऊन, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. त्या यादीत तेरा हजारांच्या आसपास नावे होती आणि दहाही जागा एकाच संघटनेला मिळाल्या. ही नोंदणी आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. आज रविवार आहे, घरची मंडळी एकत्र जेवतील. ताटावर बसलेल्यांपैकी पदवीधर किती आणि त्यांतल्या कोणी तो अर्ज कधी भरला होता का, हे एकदा विचारून पाहा.